दुसरा कोस

या, जवळ सरका. घोंगडीवर जागा आहे, लेकरांना मांडीवर घ्या. आजची हकिगत टाळ-मृदंगाच्या गजरात सांगण्यासारखी नाही, ती हळू आवाजातच सांगावी लागते. उकंडरावाच्या रंगलेल्या कीर्तनांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या. ही त्याचं कीर्तन अर्ध्यावर मोडलं त्या दिवसाची आहे. आणि ती मनकर्णेच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, बाजूनं सांगायला हवी. कारण त्या दोन दिवसांत घरात ज्याला त्याला काहीतरी पक्कं ठाऊक होतं. एकट्या तिलाच काही उमगत नव्हतं.

ज्वारी हुरड्यात आली होती. उकंडरावाच्या धाकट्या भावाच्या, संतरामाच्या, पहिल्या लेकराचा बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशी दुपारी व्हायचा होता. पाळकसाहेब हिंगोलीकडून छकड्यानं निघाल्याचा निरोप आला होता. अंगणात चूल मांडून मनकर्णा भाकरी थापत होती, आणि तिची जाऊ सुमन, बाळंतपणातून नुकतीच उठलेली, तव्यावरची भाकरी उलटत होती. सासू गोजरबाई नातीला पायांवर घेऊन तेल चोळत होती.

"माय, हळू चोळा. पोरगं हाय, गाडीचं चाक न्हाई," सुमन म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याला असंच चोळलं व्हतं. म्हणून तर येवढा ताडमाड झाला."

तेवढ्यात कुंपणाशी लतीफ येऊन उभा राहिला. लतीफ गिरदावरसाहेबांचा, म्हणजे महसूल तपासणाऱ्या अंमलदाराचा, शिपाई. निजामाच्या राज्यात साहेब गावोगाव डेरा घेऊन फिरत, आणि डेऱ्याच्या आधी लतीफ फिरे. त्यानं पाणी मागितलं. गावकुसाबाहेरच्या या वस्तीतलं पाणी बाहेरचे लोक हातभर उंचावरून ओंजळीत घेत, लतीफ मात्र तांब्याला तोंड लावून प्यायचा. म्हणून गोजरबाईचा त्याच्यावर जीव होता.

"उकंडा किधर है, अम्मा? कल फजर को साब का डेरा उठ रहा. सात आदमी होना. टाकळी की आमराई तक."

"टाकळीपर्यंत कशापायी? आमची वेठ शिवेपर्यंत. तिथून पुढं टाकळीवाले नेतेत."

"वो पुरानी बात हुई, अम्मा. अब तुमारे गाव का दस्तूर टाकळी तक का है. साब भी यहीच बोलते, टाकळीवाले भी यहीच बोलते." मग त्यानं आवाज उतरवला. "मेरे को क्यों देख रहे? दस्तूर मैंने डाला क्या? तुमारे उकंडा ने डाला."

तो गेला. तव्यावरची भाकरी करपली तरी सुमननं ती उलटली नाही.

लतीफ खोटं बोलत नव्हता. वेठीची रीत अशी होती, की साहेबाचं सामान गावच्या माणसांनी गावच्या शिवेपर्यंत, कोसभर, डोक्यावरून न्यायचं. शिवेवरच्या बाभळीखाली ते उतरवायचं. तिथून पुढचा कोस पुढच्या गावाचा. मोबदल्याचं नाव काढायचं नाही. मागल्या पावसाळ्याच्या सरतीला उकंडराव असाच ओझं घेऊन बाभळीखाली पोचला, आणि त्यानं ते खाली ठेवलंच नाही. टाकळीचा एक म्हातारा उचलायला पुढं आला, तर उकंडराव म्हणाला, "बाबा, तुमी बसा. एका कोसाची वेठ धरली तर आपून होऊन दुसरा कोस चालावा, असं माझ्या प्रभूचं सांगणं हाय." आणि तो गात गात टाकळीपर्यंत गेला.

त्या दिवशी मनकर्णेला केवढा अभिमान वाटला होता! टाकळीच्या बाया बाजाराच्या वाटेवर तिला थांबवून म्हणायच्या, "तुमचे मालक देवमाणूस हायेत, बाई." ती मान खाली घालायची, पण कान उघडे ठेवायची. मग उकंडरावानं त्यावर कीर्तन रचलं, आणि प्रभूच्या घरांतले आणखी चारजण, संतरामासकट, हौसेनं दुसरा कोस चालू लागले. टाकळीची माणसं हळूहळू शिवेवर यायचीच थांबली. साहेबालाही ते बरं पडलं, ओझी बदलायला मध्ये खोळंबा नाही. आणि दोन-तीन फेऱ्यांत ते सगळ्या वस्तीच्या मानगुटीवर बसलं. वस्तीतली निम्मी घरं प्रभूची, निम्मी म्हसोबाची. पण ओझ्याला दोन्ही खांदे सारखेच.

मागच्या डेऱ्याच्या वेळी शेजारचा तातेराव टाकळीच्या ओढ्यात लोखंडी खुंट्यांच्या पोत्यासकट पडला. तेव्हापासून त्याची कंबर वाकडी झाली. तातेराव म्हसोबाचा.

दिवेलागणीच्या आधी कीर्तनाला माणसं जमली. मांडवाच्या एका बाजूला बाज टाकून तातेरावालाही आणून निजवलं होतं. तो स्वतःच म्हणाला होता, "पोरीचं कौतुक हाय, मी बी येतो. देव तुमचा, हुरडा आपला." उकंडराव पांढरा सदरा घालून, गळ्यात उपरणं टाकून उभा राहिला. मागं टाळ घेऊन संतराम. लहानपणापासून ही दोघांची जागा ठरलेली. थोरला पदाची ओळ सोडायचा, धाकटा ती मागून धरायचा, आणि त्या धरण्यावरच थोरल्याचा सूर चढायचा.

लेकरांना जवळ घेणाऱ्या प्रभूचं आख्यान त्यानं योजलं होतं, हे मनकर्णेला माहीत होतं. पण लतीफचा निरोप कानावर गेल्यापासून तो गप्प होता. उभा राहिला आणि डोळे मिटून त्यानं भलतंच पद उचललं:

"पहिला कोस राजाचा, पाय माझे ओढी।
दुसरा कोस प्रभूचा, वाट लागे गोडी॥"

मृदंग वाजला. मागची ओळ आली नाही.

उकंडरावानं पुन्हा म्हटलं. पुन्हा मागं शांतता. त्यानं वळून पाहिलं, तर संतरामानं दोरी गुंडाळून टाळ जमिनीवर ठेवले होते.

"काय झालं रे? ताल सुटला?"

"ताल न्हाई सुटला, दादा. मन सुटलं."

बायांमध्ये कुजबुज झाली. उकंडराव हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "कीर्तन झाल्यावर बोलू."

"झाल्यावर सगळे आमेन म्हणून घरी जातेत. आताच बोलू. तू दुसरा कोस चाललास, मी बी तुझ्यामागं चाललो. लई गोड लागलं. पण तातेरावकाकाला कोणी सांगितलं व्हतं चालायला?"

बाजेवरून तातेराव म्हणाला, "मला कोणीबी न्हाई सांगितलं. माझा म्हसोबा तर मला चुलीपासून उंबऱ्यापर्यंत चल, असंबी म्हणत न्हाई."

लोक हसले. संतराम हसला नाही. उकंडरावाचा चेहरा पडला.

"मग प्रभूचं वचन पुसून टाकू?" तो म्हणाला. "वेठ धरली तर दुसरा कोस चाल, असं तो म्हणला. तिथं तातेरावाला इचारून चाल, असं न्हाई म्हणला."

"तातेरावाला ओढून चाल, असंबी न्हाई म्हणला!"

"मी ओढलं? मी कोणाला हात तरी लावला का?"

"हात न्हाई लावला. वहिवाट लावली."

गोजरबाई तडकली. "थोरल्या भावासंगं बोलायची ही रीत झाली व्हय? त्यानं काय चोरी केली? चांगलंच केलं ना?"

"चांगलंच केलं, माय. तेच तर कळून न्हाई राहिलं. चांगलं केलं अन् लोकांच्या कमरा मोडल्या." संतराम थोरल्याकडं वळला. "दादा, उद्या शिवेवर ओझं उतरव. समद्यांसमोर म्हण, आमच्या गावची वेठ इथपर्यंत. न्हाई म्हणलास तर माझं लेकरू बाप्तिस्म्याला येणार न्हाई. ज्या धर्मात एकाच्या भक्तीचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं, तो धर्म मी माझ्या पोरीच्या डोक्यावर पाणी घालून देणार न्हाई."

आता सुमन उठली. मघापासून ती नवऱ्याच्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. "आवं, भांडा ना भावासंगं, कोण नको म्हणतंय? लेकराला मधी काहून ओढता? ते माझं बी हाय." आणि लेकरू घेऊन ती मनकर्णेच्या शेजारी येऊन बसली.

उकंडरावानं बायकोकडं पाहिलं. भर कीर्तनात त्यानं तिच्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं. "मनकर्णे, तू सांग. मी काय करावं?"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. तिला तातेरावाची वाकडी कंबर दिसत होती, आणि त्याच वेळी टाकळीच्या बायांचं 'देवमाणूस' कानात गोड वाजत होतं, आणि त्या गोडीची तिला लाज वाटत होती. प्रभूचं वचन खोटं कसं असेल? आणि संतरामाचं म्हणणं तरी खोटं कसं म्हणायचं?

"मला न्हाई कळत," ती म्हणाली. "खरंच न्हाई कळत, आवं."

मग गोजरबाईच पुटपुटली. थोरल्याची बाजू घेतलेली ती आता जमिनीकडं बघत होती. "शिव म्हंजे शिव. वझं तिथं उतरतं. तिथून पुढं ज्याचं त्यानं बघावं." आणि सुमनच्या मांडीवरच्या नातीच्या पायांचं उरलेलं तेल पदरानं पुसून ती आत गेली.

हुरडा तसाच राहिला.

सकाळी उकंडराव न जेवता गेला. मनकर्णेनं फडक्यात भाकरी बांधली आणि त्यांच्या मागं निघाली. साहेब घोड्यावरून केव्हाच पुढं गेले होते. ती बाभळीजवळ पोचली तेव्हा सात ओझी खाली उतरलेली होती. डेऱ्याचं कापड, बांबू, खुंट्या, बिछाना, पेट्या, स्वयंपाकाची भांडी. सातवा माणूस मिळाला नाही म्हणून तातेरावच सगळ्यांत हलकं गाठोडं घेऊन कसाबसा आला होता आणि आता बाभळीला पाठ टेकून कण्हत होता. लतीफ हात नाचवत होता.

"अरे उतारे काय को? टाकळी के लोग किधर हैं?"

"लतीफभाई," उकंडराव म्हणाला, "गावची वेठ इथं सरली. आता कोणी चालणार न्हाई." संतरामानं सुटकेचा श्वास सोडला. पण उकंडराव खाली वाकला आणि त्यानं डेऱ्याच्या कापडाचा गठ्ठा पुन्हा डोक्यावर घेतला. "पुढचा कोस माझा हाय. माझ्या एकट्याचा. सरकारचा न्हाई, गावचा न्हाई."

"और बाकी सामान?"

"हे टाकून येतो. मग ते नेतो."

"सब अकेला? दिन डूब जाएगा, पागल!"

"डुबू दे."

आणि तो निघाला. गाणं नाही, काही नाही. नुसता चालू लागला. दादा आपलं ऐकून थांबला की नाही, हे संतरामालाही कळेना. मनकर्णेला वाटलं, हे वचन पाळणं आहे की हट्ट आहे? हट्ट असेल तर तो भावावरचा आहे की देवावरचा? तिनं भाकरीचं फडकं तातेरावाच्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला आणि भांड्यांच्या गाठोड्याला हात घातला.

"वैनी, नका!" संतराम धावत आला. "हात काढा."

"ते एकटे मरतील, भावजी."

"तुमी उचललं तर पुढच्या डेऱ्याला बायांची बी वेठ लागंल. सुमनला बोलावतील. तुमाला बोलावतील. आता काय केलं की त्याचा दस्तूर होतो, कळत न्हाई का तुमाला?"

तिनं हात काढला. हाताला ओढ होती ती तशीच राहिली. पलीकडं उकंडरावाचं डोकं ज्वारीच्या कणसांवरून हळूहळू हलताना दिसत होतं. मदत करावी तर पाप, न करावी तर पाप. असं कुठल्या कीर्तनात सांगितलं होतं?

संतराम तिथंच उभा होता. मग तो म्हणाला, "मी उचलणार न्हाई. पण संगं जातो."

"संगं जाऊन काय करणार?"

"चालंन."

तो पळत गेला. मनकर्णेला लांबून दिसलं. ओझ्याखाली वाकलेला एक माणूस, आणि त्याच्या बाजूला दोन्ही हात रिकामे सोडून चालणारा दुसरा. थोरल्यानं मान वळवली नाही. लतीफही पुटपुटत त्यांच्या मागून टाकळीकडं निघाला.

ते परत आले तेव्हा दोघांच्याही पाठीवरचे सदरे फाटले होते.

"हे काय?" मनकर्णा ओरडली.

उकंडराव नुसता पाण्याकडं बोट दाखवत होता. लतीफ मागून आला, त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. "साब भुके बैठे. चाय का बर्तन नहीं, बिस्तर नहीं. उकंडा को एक चाबूक पड़ा, सामान देर से लाया बोल के." त्यानं संतरामाकडं पाहिलं. "इसको तीन पड़े. पूछे, तू खाली हाथ क्या तमाशा देखने आया? ये कुछ बोला नहीं."

"काहून न्हाई बोललास?" तातेराव म्हणाला. "पळायचं तरी!"

संतराम खांदा दाबत म्हणाला, "काय बोलू? दादाचं ओझं मी उचलत न्हाई, असं सांगू? अन् काहून उचलत न्हाई, ते सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं का? मलाच नीट कळत न्हाई."

उकंडराव पाणी पिऊन उठला. या खेपेला त्यानं भांड्यांचं गाठोडं घेतलं, कारण साहेब उपाशी होते. मनकर्णेला हसूही आलं आणि रडूही. संतराम पुन्हा त्याच्या बाजूला लागला. पुढं काय वाढून ठेवलंय हे दोघांनाही माहीत होतं. तरी दोघं निघाले.

पण ते अर्ध्यावर असतील नसतील, तोच समोरून टाकळीची माणसं येताना दिसली, शिव्या देत, पागोटी सावरत. भुकेल्या साहेबानं त्यांना घरांतून ओढून काढलं होतं. जुन्या रीतीनं बाभळीखालची ओझी उचलायला ते आले होते. म्हणजे संतरामाला जे हवं होतं ते झालं. वस्तीचा दुसरा कोस सुटला. पण त्यांच्यातला तोच म्हातारा, ज्याला पहिल्यांदा उकंडरावानं 'बाबा, बसा' म्हटलं होतं, मनकर्णेसमोर खुंट्यांच्या पोत्याखाली वाकला आणि म्हणाला, "तुमच्या मालकानं बसवलं, तुमच्याच मालकानं उठवलं. बसवलंच नसतं तर बरं झालं असतं, बाई. सवय तरी मोडली नसती."

देवमाणूस हा शब्द त्या दिवशी कोणी काढला नाही.

पाळकसाहेब दुपारपासून मांडवात बसले होते. गोजरबाईनं त्यांना करपलेली भाकरी आणि थंडावलेला हुरडा दिला होता. भांडी टाकळीला पोचवून, ऊन कलल्यावर दोघं भाऊ आले. मनकर्णेनं दोघांच्या पाठींना हळद-तेल लावलं, आधी धाकट्याच्या, कारण त्याचे वळ जास्त होते. उकंडरावानं सदरा न घालताच पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, मी वचन पाळलं का मोडलं?"

पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला. "उकंडराव, मला विचार करू द्या," ते म्हणाले. त्यांनी तो आयुष्यभर केला असं म्हणतात.

"बाप्तिस्मा करायचा ना?" सुमननं विचारलं. ती नवऱ्याकडं नाही, थोरल्या दिराकडं बघत होती.

उकंडराव म्हणाला, "ते संतरामानं सांगावं. मी शिवेवर ओझं उतरवलं बी, अन् उचललं बी. त्यानं काय बोली केली व्हती, ती पुरी झाली का, मला म्हाईत न्हाई."

संतराम लेकराजवळ जाऊन बसला. "मलाबी न्हाई म्हाईत," तो म्हणाला. "पर आण पाणी, माय."

मांडवात तांब्या आला. तांब्या तोच, लतीफ ज्याला तोंड लावून प्यायचा. लेकराचं नाव कृपा ठेवलं. पाणी डोक्यावर पडताच ते असं किंचाळलं, की बाजेवरून तातेराव म्हणाला, "आवाज काकाचा घेतलाय."

मग कोणी न सांगता उकंडराव उठून उभा राहिला. त्यानं पहिली ओळ म्हटली, पहिला कोस राजाचा. पुढची ओळ त्याच्या तोंडून येईना. दोनदा त्यानं श्वास घेतला. तेव्हा मागून, टाळ न घेताच, कारण खांदा वर होत नव्हता, संतरामानं ती बसक्या आवाजात धरली. वाट गोड लागते की नाही, हे त्या आवाजावरून मनकर्णेला काही कळलं नाही. तिनं डोळे मिटून ऐकलं एवढंच.

पुढं हिंगोलीपासून शिरड शहापूरपर्यंत उकंडरावाच्या त्या दिवसाची गोष्ट कीर्तनकार रंगवून सांगू लागले. दुसरा कोस एकट्यानं वाहणारा भक्त म्हणून लोक त्याचं नाव घेतात, आणि घ्यावंच. पण मायबापहो, मनकर्णा म्हातारपणी नातवंडांना जवळ घेऊन जे मागायची, तेच तुमच्याकडं मागणं आहे. ओझं उचलणारा सगळ्यांच्या ध्यानात राहतो. तुम्ही प्रार्थनेला बसाल तेव्हा संतरामाला आठवा. त्यानं काहीच उचललं नाही, आणि रिकाम्या हातांनी तो सगळी वाट भावाच्या संगं चालला.